यशाची उधारी

खाशाबा जाधव म्हटलं की लोक हेलसिंकी सांगतात, १९५२ सांगतात, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक सांगतात. सगळं खरं. मला मात्र त्या गोष्टीतले सात हजार रुपये जास्त महत्त्वाचे वाटतात.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ ला लंडनला जाऊन सहावा आला. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. चार वर्षांनी पुन्हा पैशापाशीच गाडं अडलं. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं. सात हजाराला. गावानं वर्गणी काढली ती वेगळी. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग त्यांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, स्वतः लढले, आलेला पैसा खर्डेकरांना देऊन घर सोडवलं. ऑलिंपिकचा गडी उधारी फेडायला पुन्हा आखाड्यात उतरला! माझ्या लेखी त्यांचं यश इथं पुरं झालं, हेलसिंकीत नाही.

हे आज आठवायचं कारण म्हणजे निकालाचा हंगाम. एमपीएससीचा निकाल लागला की आमच्याकडे एसटी स्टँडसमोर फ्लेक्स चढतात. मधोमध खाकीतला फोटो, वर 'जिद्दीला सलाम', खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत सरपंच असतात, सोसायटीचे चेअरमन असतात, ज्यांनी त्या पोराला निकालाआधी कधी 'कसं चाललंय' विचारलं नाही ते युवा नेते गॉगल लावून असतात. थोरला भाऊ नसतो.

थोरला म्हणजे बारावीनंतर घरी थांबलेला. एकाचंच शिक्षण झेपणार होतं म्हणून थांबलेला. धाकटा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, सगळं महिन्याच्या महिन्याला. इकडे डेअरीचं दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. ते खात्यावर पडलं की थोरला गोठ्यातूनच, शेणाचा हात पँटला पुसून, फोन पे करतो. पेंडीचं बिल पुढच्या दहा दिवसांवर ढकलतो. असं वर्षानुवर्षं. त्याचं लग्नही 'धाकट्याचं काहीतरी होऊ दे, मग बघू' म्हणून लांबतं. बहिणींचं तर बोलायलाच नको, त्यांचं शिक्षण कधी थांबलं हे घरात धड कुणाला आठवतही नाही.

धाकट्यानं कष्ट केले नाहीत असं कोण म्हणतंय? नुसता पैसा ओतून कुणी फौजदार होत नाही आणि सात हजार रुपये काही कुस्ती मारत नाहीत. पण निव्वळ जिद्दीवर होतं, हेही मला पटत नाही. त्या काळात कोल्हापूरच्या तालमींत घाम गाळणारे पैलवान काय कमी होते? त्यातल्या किती जणांना खर्डेकर भेटले नाहीत, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. आज अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या, दोन-तीन मार्कांनी हुकून गावी परतलेल्या पोराची जिद्द काही कमी नव्हती. त्याच्याही थोरल्यानं तितकंच दूध घातलेलं असतं. त्यांचा फ्लेक्स लागत नाही, चारचौघांत विषय मात्र निघतो.

खाशाबाही पुढे १९५५ मध्ये पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. म्हणजे आमची पोरं ज्यासाठी रात्रीचा दिवस करतात तेच पद. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मात्र १९८४ ला अपघातात गेल्यावर, कितीतरी वर्षांनी. सरकारनं उधारी ठेवली म्हणायची, दुसरं काय! त्यांनी स्वतः कुणाची ठेवली नाही.

आता पुढच्या आठवड्यात आमच्या मंडळातर्फे पास झालेल्या पोरांचा सत्कार आहे. मी मीटिंगमध्ये म्हटलं, शाल एक जास्त आणा, थोरल्याला पण स्टेजवर घ्या. दोन मिनिटं सगळे गप्प. मग खजिनदार म्हणाले, 'कल्पना चांगली आहे, पण मग सगळ्यांच्याच भावांना द्यावी लागेल.'

मी म्हटलं, द्या की. बजेट कमी पडलं तर फ्लेक्स दोन फूट लहान करा.

अजून उत्तर आलेलं नाही.