गुलाबी रंगाच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

शेड कार्डावर गुलाबी होता, भिंतीवर राखाडी-जांभळट आला, म्हणजे दुकानाने भलताच रंग मिसळून दिला आणि वर उरलेला डबा परत घेतला नाही, असं तुम्ही लिहिलंय. रंग भलता नव्हता. डब्याच्या झाकणावर मशीनचं लेबल आहे, त्यावरचा शेड नंबर बिलाशी ताडून बघा.

तुम्ही दोन छटा बाजूला काढल्या होत्या. एक अबोलीकडे झुकणारी, तिच्यात पिवळा ऑक्साइड पडतो. दुसरी किंचित निळसर झाकेची, ती तुम्ही नेलीत. तुमच्याच फोटोत खिडकीला लागून फणस आणि माड दाटलेत, वर श्रावणातलं आभाळ. अशा झाडीतून आत येणारा उजेड हिरवट असतो आणि तो गुलाबीतला लाल मारतो; मागे उरते ती निळसर झाक. त्यात छताला पांढरीफेक ट्यूब! कार्डावरची पट्टी दोन बोटांची, पण चारही भिंती रंगल्या की त्या एकमेकींवर रंग टाकतात आणि छटा गडद वाटते. या खोलीत अबोली जास्त खुलली असती, हे तुमचं म्हणणं मात्र मला पटतं.

खिडकीखालचा काळपट पट्टा ही वेगळी गोष्ट. ती ओल आहे. गणपतीआधी मालवणात घरोघरी रंगाची घाई असते, पण चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत पावसात पाणी धरून बसते. ती सुकल्याशिवाय कितीही हात मारा, पट्टा वर येणारच.

टिंट केलेला डबा परत घेत नाही, कारण पांढऱ्यात मिसळलेला रंग पुन्हा वेगळा काढता येत नाही. बिलावरही तसं छापलंय.

आधी ट्यूबऐवजी 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब लावून एक रात्र बघा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो. तरी नाहीच आवडला, तर न उघडलेला डबा घेऊन या. पिवळा ऑक्साइड घालून त्याची निळसर झाक कमी करून देतो, स्टेनरचे, म्हणजे वरून घालायच्या त्या रंगाचे, पैसे नकोत. हुबेहूब अबोली होणार नाही. म्हणून आधी मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पुठ्ठा खिडकीशेजारी आणि समोरच्या भिंतीला लावून दिवसा नि दिव्यात बघा, मगच रंगाऱ्याला बोलवा. ओलीच्या भिंतीला दिवाळीपर्यंत ब्रश लावू नका.