जागा अडवून बसलेली माणसं

आमच्या मामे-मावस भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरेच दिवस एकच विषय चघळला जातोय. रोहित आणि विराट २०२७ च्या विश्वचषकापर्यंत राहणार का, आणि मुळात त्यांनी राहावं का. परवा एका बहिणीने फक्त दोन शब्द लिहिले, ‘थांबायला हवं.’ अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्धे तिच्या अंगावर धावून गेले. दहा मिनिटांनी लक्षात आलं की तिला नेमकं काय म्हणायचंय हे कुणालाच कळलेलं नाही. आपल्याकडे थांबणं म्हणजे आवरतं घेणंही आणि तग धरून राहणंही. तिने खुलासा केला नाही, आणि बरंच केलं.

मी चौदा वर्षं जर्मनीत आहे. सकाळी डोळे उघडतो तेव्हा तिकडे भांडणाचा पहिला डाव आटोपलेला असतो. त्यात सलामीला कायम दादा, म्हणजे माझा थोरला मामेभाऊ. त्याचा मुद्दा ठरलेला आहे: ‘पोरांनी किती वर्षं नुसतं ड्रिंक्स घेऊन पळायचं?’ आणि मी काही बोललो की, ‘तुला काय जातंय तिकडे बसून बोलायला.’

दादाचं हे दुखणं खरं आहे, ते आधी सांगून टाकतो. तरुणपणी तो जिल्ह्याच्या संघात तीन हंगाम बारावा होता. सलामीला एक अडतिशीचे गृहस्थ होते, ते काही केल्या हटेनात. चौथ्या वर्षी ते हटले तेव्हा दादाला नोकरी लागली होती आणि त्याचं क्रिकेट संपलं होतं. त्यामुळे कुणी पस्तिशी ओलांडून खेळत राहिला की दादाला त्याच्या मागे उभा असलेला, पॅड बांधून बसलेला मुलगा आधी दिसतो.

या वादात एक वाक्य हटकून येतं. लोकांनी ‘का?’ विचारावं तेव्हा निवृत्त व्हावं, ‘का नाही?’ विचारेपर्यंत थांबू नये. हे विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जातं, आणि त्यांनी ते स्वतः करून दाखवलं म्हणून त्याला वजन आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा केल्या आणि तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. एवढं सगळे सांगतात. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला आणि त्या खांद्यानेच त्यांना घरी बसवलं, हे कुणी सांगत नाही. शिवाय ते तेव्हा चाळीस वर्षांचे होते. म्हणजे ज्या माणसाच्या नावाने आपण अडतीस वर्षांच्यांना उठवतो, तो स्वतः चाळिशीपर्यंत खेळला आणि खांद्याने दगा दिला नसता तर कदाचित पुढेही खेळला असता.

आता इकडचं. मी राहतो तिथल्या टेबल टेनिस क्लबात सहा वर्षं जातोय. शाळेचा जिम्नॅशियम हॉल, सहा टेबलं, निळे पडदे, आणि रबराला लावायच्या डिंकाचा वास. क्लबाचे पाच संघ आहेत, पहिला सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पाचवा सगळ्यात खाली. प्रत्येक अधिकृत सामन्यानंतर तुमचे गुण वर-खाली होतात, आणि देशभरातल्या नोंदणीकृत खेळाडूंना तीच एक गुणपद्धत आहे. कुठल्या संघात, कितव्या क्रमांकावर खेळायचं हे मुख्यतः त्या आकड्यावर ठरतं. समितीची मेहेरबानी त्यात फार थोडी. त्यामुळे एकाच संघात चौदा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीचे आजोबा शेजारी बसून एकमेकांचे गुण मोजत असतात.

मी खेळतो त्या चौथ्या संघात एक चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ होते. तीस वर्षांपूर्वी ते पहिल्या संघात खेळायचे. मग दुसऱ्यात आले, मग तिसऱ्यात, मग आमच्यात. बॅटच्या एका बाजूला लांब काट्यांचं रबर. त्यावरून चेंडू येतो तो आपण दिलेली फिरकी उलटी करून परत आणतो, आणि आपण जोर लावून मारलेला टॉपस्पिन जाळ्यात जाऊन बसतो. पाय हलत नाहीत, पण ते हलायची गरजच ठेवत नाहीत. पहिल्यांदा त्यांच्याशी खेळलो तेव्हा तीन सरळ गेममध्ये हरलो आणि नंतर ते मला बॅट पुसायचा स्पंज कुठला चांगला ते सांगत बसले.

हे रबर आठवलं की नी शिआलियन आठवते. चीनकडून १९८३ साली सांघिक विश्वविजेती, नंतर लक्झेंबर्गची झाली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकसष्टाव्या वर्षी एक सामना जिंकून गेली. पेनहोल्ड पकड, म्हणजे बॅट पेनासारखी धरायची, तेच लांब काट्यांचं रबर, आणि टेबलापाशी जवळपास जागच्या जागी उभं राहणं. पुढच्या फेरीत जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाने तिला हरवलं. यात कुणाची जागा अडली? पात्रता जिंकून आली, हरली, गेली.

लांब कारकिर्दी बघताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ही माणसं टिकतात ती एकेक गोष्ट सोडत गेल्यामुळे. जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिनाचं उदाहरण इकडे सगळ्यांना माहीत आहे, कारण ती काही वर्षं जर्मनीची होती. १९९२ मध्ये बार्सिलोनात माजी सोव्हिएत देशांच्या संयुक्त संघाकडून सांघिक सुवर्ण, मग उझबेकिस्तान. २००२ मध्ये तिच्या लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, उपचारांसाठी कुटुंब कोलोनला आलं, आणि स्पर्धांमधली बक्षिसं त्या उपचारांना लागली. २००८ मध्ये बीजिंगला जर्मनीकडून तिने व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन मारायच्या उडीत, रौप्य मिळवलं, तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती, आणि महिला जिम्नॅस्टिक्समध्ये विशीतच पोरी रिटायर होतात. मुलगा बरा झाला. ती पुन्हा उझबेकिस्तानकडून खेळू लागली आणि टोकियोला आठव्या ऑलिंपिकमध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी उतरली. तोवर तिचा सगळा भर व्हॉल्टवर आला होता. तिच्या या कारकिर्दीला ‘खेळावरचं प्रेम’ म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. काही वर्षं तरी ती खेळली ती औषधांच्या बिलांसाठी.

इंग्लंडचा गोलंदाज जेम्स अँडरसनने २०१५ च्या विश्वचषकानंतर एकदिवसीय सामने सोडले आणि फक्त कसोटी ठेवली. तो ७०४ बळींपर्यंत गेला. आपला टेनिसपटू रोहन बोपण्णा एकेरी कधीच मागे टाकून दुहेरीच्या अर्ध्या कोर्टावर आला होता. गुडघ्यातली कूर्चा झिजल्यावर अय्यंगार योग धरला आणि २०२४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकून जगात पहिला झाला. मग विराट-रोहितने २०२४ मध्ये टी-ट्वेन्टी सोडलं, मे २०२५ मध्ये कसोटी सोडली आणि एकदिवसीय तेवढं ठेवलं, तर त्याला आपण ‘चिकटून बसलेत’ का म्हणतो? मला तरी ते चुसोवितिनाने व्हॉल्ट ठेवावा तसंच दिसतं. फरक एवढाच की एकदिवसीय सामने आता वर्षात मोजकेच होतात, आणि मधल्या महिन्यांत खेळायचं कुठे हा प्रश्न उरतो.

जानेवारी २०२५ मध्ये आपण एक प्रयोग करून पाहिला. ऑस्ट्रेलियात हरल्यावर बोर्डाने सगळ्यांना देशांतर्गत क्रिकेट खेळायला लावलं. विराट बारा वर्षांनी दिल्लीकडून रणजीला उतरला. हजारो लोक सकाळपासून स्टेडियमवर. रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याला सहा धावांवर त्रिफळाचीत केलं आणि गर्दी उठून चालायला लागली. सामना चालू होता, बाकीचे फलंदाज खेळत होते, आणि स्टँड रिकामे. रोहित मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध खेळला, ३ आणि २८. ग्रुपवर त्या दिवशी ‘रणजी खेळायची वेळ आली’ असं लिहिलं गेलं, जशी कुणावर उधार मागायची वेळ येते. रणजी ही आपली जुनी, सगळ्यात मानाची स्पर्धा. कर्नल सी. के. नायडू साठी ओलांडून ती खेळले. आज तिथे जाणं म्हणजे शिक्षा.

माझा मुद्दा इथे आहे. आपल्याकडे वरच्या मजल्यावरून खाली यायला जिना नाही. एक तर भारताची टोपी, नाहीतर कॉमेंटरीचा बूथ. अँडरसनला इंग्लंडच्या व्यवस्थापनाने २०२४ मध्ये लॉर्ड्सवर निरोपाचा सामना देऊन थांबवलं, त्याला स्वतःला अजून खेळायचं होतं. पुढच्या वर्षी तो लँकेशायर या आपल्या काउंटी संघाकडून गोलंदाजी करत होता, त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि त्यात कुणाला दया वगैरे आली नाही. जिना असला की शेवटची पायरी सोडताना माणूस कमी घट्ट धरतो.

दादा म्हणतो, वैयक्तिक खेळांचं उदाहरण देऊ नकोस, तिथे घड्याळ निवडतं. बरोबर आहे. क्लाउडिया पेखश्टाइन २०२२ मध्ये बीजिंगला आठव्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगला उतरली, पन्नाशीला काही दिवस कमी असताना. उद्घाटनाला जर्मनीचा झेंडा तिच्या हातात होता. तीन हजार मीटरमध्ये ती शेवटची आली. ऑफिसात चर्चा झालीच. झेंडा तिला द्यावा का यावर दोन तट पडले, कारण रक्तचाचणीतल्या आकड्यांवरून तिने दोन वर्षांची बंदी भोगली होती आणि त्याविरुद्ध ती वर्षानुवर्षं कोर्टात लढत होती. पण तिने कुणा पोरीची जागा खाल्ली असं कुणी म्हणालं नाही. जागा तिने बर्फावर मिळवलेली होती. मास स्टार्टमध्ये, म्हणजे सगळ्या एकदम सुटतात त्या शर्यतीत, तर ती नववी आली.

सांघिक उदाहरण हवं तर बिर्गिट फिशर घ्या. कयाकमधलं तिचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण १९८० चं, अठराव्या वर्षी. शेवटचं २००४ चं अथेन्समध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, चौघींच्या बोटीत. त्या बोटीतली कॅरोलिन लिओनहार्ट जन्मली १९८४ मध्ये, फिशरचं पहिलं सुवर्ण चार वर्षांचं झाल्यावर. म्हातारीने पोरीची जागा अडवली म्हणायचं, की दोघींनी मिळून एक बोट पुढे नेली म्हणायचं?

जर्मनीचा टेबल टेनिसपटू टिमो बोल याच्याबाबत मात्र मी इकडच्यांशीही भांडलो. २०१८ मध्ये सदतिसाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी तो पुन्हा जगात पहिला झाला, त्याचं कुणाला वावडं नव्हतं. पण पॅरिसच्या सांघिक स्पर्धेसाठी त्रेचाळीस वर्षांच्या बोलला निवडणं हा निर्णय माणसांनी घेतला होता, गुणांनी नव्हे. माझ्या मते ती जागा दुसऱ्या कुणाला मिळायला हवी होती. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनकडून जर्मनी हरली, तो रडला, अख्खं सभागृह उभं राहिलं, मीही टीव्हीपुढे उभा राहिलो. मत बदललं नाही. तेव्हा दादाला मी लिहिलं की ही एक केस तुझी.

फुटबॉलपटू सुनील छेत्रीची केस मात्र मी त्याला देणार नाही. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून तो गेला. रीतसर, वेळेवर, लोक ‘का?’ विचारत असताना. नऊ महिन्यांनी त्यालाच परत बोलावलं आणि चाळिसाव्या वर्षी त्याने शिलाँगला मालदीवविरुद्ध गोल केला. मधल्या नऊ महिन्यांत जागा रिकामी होती. तिथे कुणी अडवून बसलेलं नव्हतं.

यावर ग्रुपवर तासभर शांतता होती. मग कुणीतरी वाढदिवसाचा केक टाकला.

डिसेंबरात आमच्या क्लबाची नवी गुणयादी लागली. माझे गुण अकराने वाढले होते, चौऱ्याहत्तरच्या गृहस्थांचे चाळीसने उतरले होते. हंगामाच्या दुसऱ्या सत्रासाठी ते पाचव्या संघात गेले. कॅप्टनने सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, पाचव्याचे घरचे सामने कुठल्या वारी असतात? शुक्रवार म्हटल्यावर ते थोडे खट्टू झाले, कारण शुक्रवारी नातीला पोहायला न्यायचं असतं.

मी दादाला कळवलं. त्याचा लगेच मेसेज आला, ‘बघ, दिली ना शेवटी जागा.’

मंगळवारी ते सरावाला आले होते. पहिला गेम मी जिंकलो, पुढचे तीन त्यांनी.