कुकीज पुसून टोलवाटोलवी थांबत नाही

साइट बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरत येतो: "'टू मेनी रीडायरेक्ट्स' आलं तर दोष ब्राउझरचा. कुकीज पुसा. नाहीच गेलं तर साइट हॅक झालीय, वर्डप्रेस नव्याने टाका. घाई असेल तर एसएसएल बंद करा."

ही पाटी म्हणजे साइटचे पत्ते ब्राउझरला एकमेकांकडे टोलवत बसलेत. ब्राउझरचा दोष? तो बिचारा निरोप्या. सर्व्हर म्हणतो तिकडे जातो, तिथून परत धाडलं की परत येतो. क्रोम आणि फायरफॉक्स साधारण 20 फेऱ्यांनंतर हात टेकतात आणि ती पाटी दाखवतात, एवढंच.

कुकीजच्या (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदींच्या) सल्ल्यात थोडं तथ्य आहे. क्रोम स्वतःच त्या पाटीवर तसं सुचवतो. लॉगिनच्या पानावरच फेरा लागत असेल आणि जुनी कुकी बिघडली असेल, तर पुसल्याने सुटतोही. पण आधी इन्कॉग्निटोत (जुन्या कुकीज न वापरणाऱ्या खासगी खिडकीत) साइट उघडून बघा. तिथेही तेच, तर कुकीज पुसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि गिऱ्हाइकांना काय सांगणार, सगळ्यांनी पुसा म्हणून? पुसायची ती कॅश (ब्राउझरने साठवून ठेवलेली पानं आणि वाटा), आणि तीही दुरुस्तीनंतर. 301 हा सर्व्हरचा कोड म्हणजे कायमचा पत्ताबदल. ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि साइट बरी झाली तरी तुम्हाला जुन्याच वाटेने नेतो. म्हणून चाचणी चालू असेपर्यंत 302, म्हणजे तात्पुरता पत्ताबदल, वापरावा.

हॅकिंगचं म्हणाल तर घुसखोर पाहुण्यांना भलत्या साइटवर पळवतो. तुमच्याच पत्त्यावर गोल फिरवून त्याला काय मिळणार? शिवाय वर्डप्रेसच्या फायली नव्याने टाकल्या तरी साइटचा पत्ता डेटाबेसमध्ये तसाच राहतो. तिथे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट पत्ता आणि सर्व्हरचा नियम मात्र ते काढून टाकणारा, असं असेल तर नवं वर्डप्रेसही तसंच गरगरेल.

आता एसएसएल, म्हणजे साइटची एन्क्रिप्टेड (एचटीटीपीएस) जोडणी. ते बंद करण्याचा सल्ला सर्वांत वाईट, कारण तो दुखण्याच्या अगदी जवळ जाऊन चुकतो. नेहमीचं उदाहरण क्लाउडफ्लेअर या पाहुणा आणि सर्व्हर यांच्या मधे बसणाऱ्या सेवेच्या 'फ्लेक्झिबल' पर्यायाचं. त्यात पाहुणा ते क्लाउडफ्लेअर हा टप्पा एचटीटीपीएसचा, पण क्लाउडफ्लेअर ते तुमचा सर्व्हर हा साध्या एचटीटीपीचा. सर्व्हरवर 'साधी विनंती आली की एचटीटीपीएसवर पाठवा' असा नियम बहुधा असतो. सर्व्हर तो पाळतो. पाहुणा पुन्हा एचटीटीपीएसने येतो, क्लाउडफ्लेअर पुन्हा साधी विनंती पुढे करतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर! उपाय म्हणजे सर्व्हरवर खरं प्रमाणपत्र बसवणं (लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं) आणि पर्याय 'फुल स्ट्रिक्ट' (दोन्ही टप्पे एचटीटीपीएसचे) करणं. पुढे दुसरा एखादा प्रॉक्सी (असाच मध्यस्थ) असेल तर तो 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हा, पाहुणा एचटीटीपीएसने आला की एचटीटीपीने हे सांगणारा, हेडर पाठवतो का आणि सर्व्हर तो वाचतो का, हे तपासा. एसएसएल बंद केलंत आणि साइटने पूर्वी एचएसटीएस (यापुढे फक्त एचटीटीपीएसनेच या, असा ब्राउझरला दिलेला हुकूम) लावलेलं असेल, तर जुने पाहुणे आत येऊच शकणार नाहीत. त्यांचा ब्राउझर साध्या एचटीटीपीवर जायलाच नकार देतो.

काहीही बदलण्याआधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क उघडा, 'प्रिझर्व्ह लॉग'वर खूण करा आणि प्रत्येक उत्तरातला 'लोकेशन', म्हणजे पुढे पाठवलेला पत्ता, वाचा. दोन पत्ते आलटून पालटून दिसले, तर दोन नियमांचं भांडण: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नाही तर पत्त्याच्या शेवटची तिरपी रेघ. मागितला तोच एचटीटीपीएस पत्ता परत परत मिळत असेल, तर आधी प्रॉक्सीकडे बघा.