अर्धा ससा रंगवलेला, अर्धा तसाच

भंगारातून केलेली शिल्पं आता आपल्याकडेही चौकाचौकात दिसतात. त्यातली बरीचशी मला आवडत नाहीत. का आवडत नाहीत, हे मला पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या एका शिल्पकाराची कामं बघताना उमगलं.

आर्तुर बोर्दालो, जन्म १९८७. आजोबा रियाल बोर्दालो हे लिस्बन शहर रंगवणारे चित्रकार, म्हणून नातू स्वतःला ‘बोर्दालो दुसरा’ म्हणवतो. गाड्यांचे फुटके बंपर, जळके कचऱ्याचे डबे, टायर, बांधकामाचा राडारोडा असं काहीबाही गोळा करून तो भिंतीवर अजस्र प्राणी उभे करतो आणि त्यावर स्प्रेने रंग मारतो. ज्या वस्तूंमुळे प्राण्यांचं जगणं अवघड झालं, त्यातूनच त्यांना घडवायचं, हे तो स्वतः सांगतो. लिस्बनच्या बेलें भागात त्याने २०१५ साली केलेला रकून (झुबकेदार शेपटीचा एक अमेरिकन प्राणी) आहे. लांबून इतका केसाळ आणि गोड दिसतो की हात फिरवावासा वाटेल. जवळ गेलं की केस कुठले, नुसतं मोडकं प्लास्टिक!

पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे पोर्टो शहरासमोर नदीपलीकडे असलेल्या विला नोवा द गायामधला २०१७ सालचा ससा. इमारतीच्या कोपऱ्यावर बसवलेला. एका भिंतीवरचं अर्धं अंग झगझगीत रंगांचं, दुसऱ्या भिंतीवरचं जवळजवळ उघडंच, कचरा जसा सापडला तसा. त्याचा फोटो शोधून, मोठा करून नीट बघा. रंगाने आपल्याला भुलवलं जातं आणि त्याच वेळी कशाने भुललो तेही समोर ठेवलं जातं. इतका प्रामाणिकपणा मी फार थोड्या सार्वजनिक शिल्पांत पाहिलाय.

आता दिल्लीचं ‘वेस्ट टू वंडर’ पार्क घ्या. २०१९ साली उघडलं. ताजमहाल, आयफेल टॉवर अशा सात आश्चर्यांच्या भंगारातल्या प्रतिकृती, आणि कौतुक कशाचं, तर दीडशे टन भंगार वापरल्याचं. कारागिरांची मेहनत अफाट आहे, त्याबद्दल वादच नाही. पण आयफेल टॉवरचा आणि त्या भंगाराचा संबंध काय? तिथे कचरा फक्त स्वस्त माल म्हणून येतो. बोर्दालोच्या सशातून बंपर काढून घेतला तर सशाचा अर्थच जाईल.

“याने कचरा कितीसा कमी होणार?” असं कुणीतरी विचारणारच. नाही होणार. कचरा कमी करणं हे महापालिकेचं आणि कंपन्यांचं काम आहे, शिल्पकाराचं नव्हे. त्याने आपल्याला तो बघायला लावावा, आणि गरज पडली तर सत्तेलाही टोचावं. बोर्दालोने ते केलंय. २०२३ मध्ये पोपच्या लिस्बन भेटीसाठी होणाऱ्या सरकारी खर्चाचा निषेध म्हणून त्याने समारंभाच्या मंचाच्या पायऱ्यांवर पाचशे युरोच्या नोटांचं चित्र असलेला लांबलचक गालिचा अंथरला होता.

तुमच्यापैकी कुणी पोर्टोला जाणार असेल, तर नदीवरचा पूल ओलांडून गायाला जा. वाइनची तळघरं बघायला सगळे तिकडे जातातच, ससा तिथून चालत जाण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि इथे कमेंटमध्ये टाका.