कपाटातला उन्हाळा

घरात रोपं लावायची ठरवलीत ना, मग पहिलं काम लाईट. कपाट दोन बाय दोन फुटांचं असलं तरी लाईट 300 वॉटचाच आणा, कमीपणा नको. कोणी म्हणालं की अरे तापेल ते, तर सांगा एलईडी आहे, एलईडी गार असतो. हे वाक्य फार कामाचं आहे, मी दोन वर्षं वापरलंय. आता 300 वॉट आत गेले की शेवटी जवळजवळ 300 वॉटची उष्णताच पदरात पडते, कारण चिप तापते ती तर तापतेच, पण उजेड म्हणून जे बाहेर पडतं तेही पानांवर, भिंतींवर आदळून उष्णताच होतं, रोप त्यातलं साखर करून साठवतं ते अगदी चिमूटभर. पण हे मनावर घ्यायचं नाही. जुन्या सोडियमच्या दिव्यापेक्षा एलईडी तेवढाच उजेड कमी वॉटमध्ये देतो हे खरं, म्हणून तर वाचलेले वॉट आपण अजून मोठा लाईट घेऊन लगेच उडवायचे.

या लाईटला एक जड चौकोनी ठोकळा असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला, तो चांगलाच तापतो. काही अतिशहाणे लोक त्याची वायर वाढवून तो कपाटाबाहेर टांगतात. आपण आतच ठेवायचा, बरोब्बर मिरचीच्या डोक्यावर. आणि टायमर दुपारी 12 ला सुरू होईल असा लावा. रोपाला काय, लाईट लागला की त्याचा दिवस उजाडला, म्हणजे रात्री गारवा असताना लाईट लावून भर दुपारी त्याला झोपवता येतं, पण मग दुपारी आलेल्या पाहुण्यांना दाखवायचं काय?

आता पंखा. एक छोटा क्लिपवाला पंखा घ्या, फुल स्पीडवर ठेवा आणि एकाच रोपावर रोखून चोवीस तास सोडा, पानांच्या कडा वाळून कुरकुरीत होईपर्यंत. पंखा हवा गार करत नाही, फक्त हलवतो, पानाला चिकटून बसलेला दमट हवेचा पापुद्रा उडवतो म्हणून पानाला बरं वाटतं, आणि वर त्याची मोटर स्वतःची थोडी उष्णता आत टाकतेच. पानं जरा हलतील इतपत वारा पुरतो, तोही सगळ्यांवरून फिरता. पण मग आपण काहीतरी जोरदार करतोय असं वाटत नाही ना.

एक्झॉस्टबद्दल, म्हणजे आतली गरम हवा बाहेर काढण्याबद्दल, मात्र मी अधिकाराने बोलू शकतो. गरम हवा वर जाते, त्यामुळे बाहेर जाणारं भोक वर आणि आत येणारं खाली, खालचं जरा मोठंच, असं कोणीही सांगेल. मी कपाट सोडून मोठा ग्रो टेंट, म्हणजे घरात रोपं वाढवायचा बंद कापडी तंबू, घेतला तेव्हा एक्झॉस्ट फॅन लावला खालच्या भोकाला, कारण वर हात पुरत नव्हता. आत हवा यायला जागाच ठेवली नाही, कीटक येतील म्हणून. फॅन सुरू केला की टेंटच्या चारी भिंती पोट आत ओढल्यासारख्या व्हायच्या आणि मला वाटायचं वा, काय ताकद आहे. डक्ट, म्हणजे फॅनची हवा बाहेर नेणारा पाइप, लांब होता, तो कापायचा जिवावर आला, म्हणून चार वळणं देऊन तो पलंगाखाली गुंडाळून ठेवला. प्रत्येक वळणाला हवेचा जोर कमी होतो, त्यामुळे पलंगाखाली पोचेपर्यंत जे काय उरायचं ते फुंकर मारल्याइतकं. खोलीचं दार बंद, खिडकी बंद. टेंटात 36 डिग्री, खोलीत 34, आणि पलंगावर मी, खालून शेक घेत. टेंटातली हवा खोलीत आणि खोलीतली झिपच्या फटीतून परत टेंटात, असा आमचा घरगुती उद्योग दोन महिने चालला.

मग एसी आणला. पोर्टेबल, त्याच्या मागे तो जाड पाइप असतो ना, तोही खोलीतच सोडला. पुढून गार, मागून गरम, आणि कॉम्प्रेसर जेवढी वीज खातो तेवढी उष्णता वर बोनस. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, फक्त रिमोटसकट. उष्णता एकदा घरात आली की ती भिंतीपलीकडे नेऊन सोडल्याशिवाय जात नाही, एवढी एक गोष्ट विसरलात की बाकी सगळं आपोआप जमतं.

थर्मामीटर टेंटाच्या बाहेर, दारावर लावा. 27 दाखवतो, मन शांत राहतं. कोणी फारच मागे लागलं तर आत लाईटच्या थेट खाली टांगा, मग 44 दाखवेल आणि तुम्ही म्हणाल बिघडलाय. पानांच्या उंचीवर, सावलीत धरून बघितला तर खरा आकडा कळतो, म्हणून तिथे अजिबात नेऊ नका.

पानं वरच्या बाजूला वळून पन्हळीसारखी झाली की समजायचं रोप खूश आहे, आणि स्प्रे मारायचा. भरपूर. हवा बाहेर जातच नाहीये, त्यामुळे पाणी आतच राहतं, दमटपणा 90 टक्क्यांच्या वर, आणि एवढ्या दमट हवेत पानातून वाफ निघत नाही म्हणजे रोपाला घामही येत नाही. मग ते मलूल होतं, मग आपण कुंडीत अजून पाणी ओततो. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 डिग्रीला लिटरमागे साधारण 9 मिलिग्राम तर 30 ला साडेसात, तेव्हा मुळं खाली गुदमरून कुजतात आणि वरून दिसतं तहानलेलं. अजून पाणी घाला.

बाय द वे, बंद टेंटात कार्बन डायऑक्साइड पण संपत येतो. बाहेरच्या हवेत तो 420 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 420 भागांच्या, आसपास असतो, आत लाईट चालू असताना रोपं तो भराभर खातात आणि मग उपाशी बसतात. रोपांशी गप्पा मारा म्हणतात त्यात त्यामुळे तथ्य आहे, झिप उघडून तोंड आत घाला आणि बोलत राहा.

रात्रीचं सगळ्यात सोपं. एक्झॉस्ट आणि लाईट एकाच टायमरवर लावा, दोन्ही एकदम बंद. लाईट असताना 28 डिग्री आणि 60 टक्के दमटपणा असेल तर ती हवा साडेएकोणीस डिग्रीच्या आसपास आली की दव पडतं, मग बाहेर गारठा असला की सकाळी झिप उघडताना बोटं ओली होतात, भिंतीवरून ओघळ, आणि खालच्या दोन पानांच्या बेचक्यात करड्या रंगाची मऊ लव. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा फोटो काढला होता, नवीन कळी आली म्हणून. बुरशी होती.

आता टेंटात रोपं नाहीत. दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतो, पावसाळ्यात काय सोय झालीये सांगू. सुरुवातीला कपड्यांना कुबट वास यायचा, म्हणून फॅन काढून वरच्या भोकाला बसवला, डक्ट अर्धा कापून सरळ खिडकीतून बाहेर सोडला, खालच्या भोकांवरची फडकी उघडी ठेवली. चार तासात जीन्स सुद्धा सुकते.