महाबळेश्वर नाही हो, चेंबूर आहे

परवा सकाळी साडेसहाला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर गच्चीतून काढलेला फोटो टाकला. समोरच्या इमारती अर्ध्या गायब. खाली ओळ: 'आज चेंबूरचं महाबळेश्वर झालंय!' त्यावर पटापट बदाम पडले. मी उठून सरकत्या खिडकीच्या खोबणीतून बोट फिरवलं आणि त्या काळ्याकुट्ट बोटाचा फोटो टाकला. एकही बदाम नाही.

मग काका सुटले. "ग्लोबल वॉर्मिंग आहे ना, मग मी स्वेटर का घातलाय? ओझोनला भोक पाडलं अमेरिकेने, आणि पाव भाजायचा नाही तो आपण!"

काकांना हसण्यात अर्थ नाही, शाळेत आपण सगळ्यांनीच ही खिचडी खाल्लीय. ओझोनचं भोक पडलं ते फ्रीज-एसीतल्या सीएफसी नावाच्या वायूंमुळे. 1987 च्या माँट्रियल कराराने त्याला आळा घातला आणि ते हळूहळू भरतंय. तापमानवाढ हे वेगळंच प्रकरण. कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो, हे जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने 1859 मध्ये प्रयोगशाळेत मोजलं. तेव्हा बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती! चार दिवसांच्या गारठ्याने ते खोटं ठरत नाही.

आता पाव. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, तेव्हापासून काकांचं पालुपद एकच: "आधी चीनला सांगा."

कार्बनपुरतं त्यांचं अर्धं बरोबर आहे. तो शतकानुशतकं हवेत राहतो, जगभर पसरतो. आपल्या नाक्यावरची एक भट्टी विझवून पारा उतरणार नाही. पण काजळीचं तसं नाही. ती काही दिवस, फार तर एक-दोन आठवडे हवेत टिकते आणि बरीचशी आसपासच्याच घरांत शिरते. भट्टीत जळतं काय, तर भंगारातलं लाकूड: रंग, गोंद, प्लायसकट मोडकी कपाटं. हिवाळ्यात पहाटे वारा मंद असतो, जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं, धूर खालीच कोंडतो. दुपारी खारा वारा आला की काकांचं महाबळेश्वर विरतं. म्हणजे धूर थांबवला तर फायदा त्याच गल्लीला, त्याच आठवड्यात. त्यासाठी चीनची वाट कशाला बघायची?

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर मुद्दाम लिहिली नाही. धुरातले काही कण, विशेषतः सल्फेटचे, ऊन परतवतात आणि थोडी तापमानवाढ झाकून ठेवतात. हवा साफ झाली की ती झाकलेली उष्णता उघडी पडते. काकांना हे कळलं असतं तर वर्षभर पुरलं असतं! पण म्हणून काय धुराची छत्री डोक्यावर धरून खोकत बसायचं? कार्बनही कमी करावाच लागेल, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी काकांचा मेसेज आला, "सगळं मान्य. पण विजेच्या भट्टीतल्या कडक ब्रून पावाला ती चव येणार का?"

यावर मी गप्प. ब्रून मलाही लाकडाच्या भट्टीतलाच आवडतो.