पिशवीचा नंबर

"तुम्ही इथे नव्हता."

हे वाक्य मला परवा ज्या गृहस्थांनी ऐकवलं, त्यांच्या थोरल्या मुलाच्या पाठदुखीबद्दल मी त्याआधी चाळीस मिनिटं ऐकत होतो. मणक्यांतली कुठली गादी सरकलीय हेसुद्धा मला तोंडपाठ झालं होतं.

झालं एवढंच की खिडकीपासून सातव्या नंबरावर असताना लक्षात आलं, अर्जाला एक झेरॉक्स कमी आहे. मागच्या या काकांना म्हटलं, "जरा लक्ष ठेवता का, आलोच." त्यांनी मान डोलावली. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आठ मिनिटांत परतलो.

"मागे जा."

"अहो काका, तुमच्या पुढे मीच होतो ना."

"माझ्यापुढे ही पिशवी आहे."

खाली पाहिलं. निळी कापडी पिशवी, एक बंद तुटून गाठ मारलेला. ती होती हे मलाही मान्य होतं. माझ्या पुढच्या बाई ती ठेवून केव्हाच बाकावर जाऊन बसल्या होत्या.

"पिशवीच्या आणि तुमच्या मध्ये मी होतो."

काकांनी पिशवीकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं. "इथं माणूस मावतो का? तुम्हीच सांगा."

मावत नव्हता. कारण ते पुढे सरकले होते.

"त्या बाईही उठून गेल्यातच की."

"त्या पिशवी ठेवून गेल्यात. तुम्ही काय ठेवलंत?"

"तुम्हाला सांगून गेलो!"

"सांगणं वेगळं, ठेवणं वेगळं."

एवढ्यात रांग हलली. काकांनी वाकून पिशवी उचलली, एक फरशी पुढे ठेवली आणि तिचं कललेलं तोंड सरळ केलं. इतक्या मायेनं त्यांनी माझ्याकडे चाळीस मिनिटांत एकदाही पाहिलं नव्हतं. मग साक्ष काढायची म्हणून मागच्या मुलीला विचारलं, "हे होते का गं इथे?" तिनं एका कानातलं इअरफोन काढलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "मी फोनमध्ये होते." म्हणजे तीही तिथे नव्हतीच. पण तिला कुणी मागे पाठवलं नाही.

कॉलेजात मी समाजशास्त्र घेतलं होतं, ते केवळ त्याचे तास दुपारी असायचे म्हणून. पण शेवटून पहिला उभा राहिल्यावर माणसाला शिकलेलं बरंच आठवतं. लिऑन मान नावाच्या अभ्यासकानं मेलबर्नमध्ये फुटबॉलच्या तिकिटांसाठी रात्रभर लागणाऱ्या रांगा न्याहाळल्या आणि १९६९ साली लिहून ठेवलं की सुरुवातीच्या तासांत त्या रांगांमध्ये एक भाग माणसं असत आणि दोन भाग सामान. खोकी, खुर्च्या, झोपायच्या पिशव्या. म्हणजे पिशवीला नंबर असणं हा काकांचा शोध नाही. पण त्याच रांगांत शेजाऱ्याला सांगून थोडा वेळ बाहेर जायचीही रीत होती, आणि परत आल्यावर जागा मिळायची. काकांनी निम्माच मान वाचला असावा.

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम यांनी तर न्यूयॉर्कमधल्या १२९ रांगांमध्ये मुद्दाम माणसं घुसवून पाहिली. तो अभ्यास १९८६ साली छापून आला. एकटा घुसखोर शिरला तर निम्म्याहून थोड्या जास्त वेळा कुणीतरी हरकत घेई. पण घुसखोराच्या लगेच मागे मिलग्रमचीच दोन गप्प बसणारी माणसं उभी केली, की हरकत साधारण ५ टक्क्यांवर यायची. थोडक्यात, लगेच मागचा गप्प बसला की अख्खी रांग गप्प बसते. तो ओरडला की बाकीच्यांना कंठ फुटतो. माझ्या मागचे काका ओरडले, आणि तोवर छताकडे बघत असलेले चौघे एकदम नीतिमान झाले. "लायनीत या हो!" न्यूयॉर्कमध्ये दहातल्या एखाद्या रांगेत घुसखोराला हात लावला गेला होता, कुठे बाही ओढली, कुठे खांद्यावर थोपटलं, कधी ढकलून बाहेर काढलं. मला कुणी हात लावला नाही. आभार.

खरा संताप वेगळाच आहे. त्या दालनात पाच खिडक्या होत्या आणि चार बंद होत्या. चारींच्या काचेमागे रिकाम्या खुर्च्या, एकीच्या पाठीवर स्वेटर. (स्वेटरचाही नंबर असणार.) समाजशास्त्रज्ञ राईट मिल्स यांनी १९५९ मध्ये सांगितलं होतं की माणूस ज्याला आपली खाजगी अडचण समजतो, ती पुष्कळदा सार्वजनिक प्रश्न असते. तीसेक माणसं तासभर तिथे उभी होती. मी आठ मिनिटं कुठे होतो याची चौकशी झाली, त्या चार खुर्च्यांवरची माणसं कुठे आहेत याची नाही. मीही केली नाही. मी काकांच्या टकलाकडे बघत मनातल्या मनात एकेक बिनतोड उत्तर तयार करत होतो.

शेवटी पिशवी खिडकीशी पोहोचली. आतून आवाज आला, "पुढे कोण?" काका अदबीनं म्हणाले, "पिशवी." बाई बाकावर डुलकी घेत होत्या. सगळे थांबले. तेव्हा रांगेच्या टोकावरून "अहो, पिशवी कुणाची? उठा, तुमचा नंबर आला!" असं जो ओरडला, तो मी होतो. काकांनी वळून माझ्याकडे पसंतीनं पाहिलं.

माझ्यापुढे तिघे असताना खिडकी बंद झाली. उद्या या.

दुसऱ्या दिवशी निघताना दारामागची एक पिशवी घडी करून खिशात घातली. पोहोचल्यावर ती रांगेत ठेवली, बाकावर बसलो आणि कागद चाळले. झेरॉक्स घरी राहिली होती.